जुना उभा व्हॅक्यूम क्लीनर: गालिच्यावर ब्रश थांबतो, रबर जळाल्याचा वास येतो

धूळधाण (प्रश्न)

१९५०-६० च्या दशकातल्या घडणीचा उभा व्हॅक्यूम क्लीनर आहे. अंग धातूचं, दांड्याला कापडी पिशवी, पुढच्या तोंडात ब्रशचा रोलर. मोटर पटकन सुरू होते, आवाज एकसारखा आहे. गालिच्यावर ठेवला की ब्रश मंदावतो आणि मिनिटभरात रबर जळाल्याचा वास सुटतो. मोटरवरून ब्रश फिरवणारा रबरी पट्टा तुटलेला नाही. तोंडाशी हात धरला तर ओढ जेमतेमच जाणवते. मोटरच्या झरोक्यातून निळसर ठिणग्या दिसतात. वायर मूळचीच, दोन तारांची, रबरी. मशीन शोभेला ठेवायचं नाही, दर आठवड्याला वापरायचं आहे. कशापासून सुरुवात करू? आणि कापडी पिशवी धुतली तर चालेल का?

तारतम्य

बाकी सगळं नंतर, आधी वायर. ती बदलेपर्यंत मशीन प्लगला लावू नका. जुनं रबर कडक होऊन तडकतं, आणि नेमकं दांड्यात किंवा मोटरच्या खोक्यात शिरते तिथे, म्हणजे बाहेरून दिसत नाही. अंग धातूचं असताना अर्थिंग नसेल तर एक उघडी तार पुरते.

मोटर साधारण ५००-६०० वॅटपर्यंतची असेल, तर ०.७५ चौरस मिमीची तीन तारांची लवचीक वायर पुरेशी आहे. अर्थची तार अंगाला जोडताना स्क्रूखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, खाली दातेरी वायसर घाला. मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यामुळे दांड्याचा अंगाशी विजेचा संबंध तुटलेला आहे का ते मल्टिमीटरने बघा. असेल तर त्यालाही अर्थ द्यावा लागतो. स्विच फेजच्या तारेवरच हवा. वायर आत शिरते तिथे पकडपट्टी लावा, नुसती गाठ मारून भागत नाही.

आत वायरींना जोडलेला डबीसारखा कपॅसिटर असेल तर काढून टाका. तो रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी असतो, मोटर त्याच्याशिवायही चालते. कागदी कपॅसिटर जुने झाले की गळती सुरू होते, मग धूर. नवा बसवायचाच असेल तर फेज-न्यूट्रलच्या मध्ये एक्स-२ वर्गाचा, अंगाशी जोडायचा तर वाय-२ वर्गाचाच.

शेवटी स्विच चालू स्थितीत ठेवून प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना एकत्र जोडा आणि त्या व अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर (विजेची गळती तपासणारा मीटर) लावा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर आत ओल किंवा कार्बनची भुकटी आहे. पाटीवरचा व्होल्टेजही वाचा. ११०-१२० व्होल्टचं मशीन २३० वर थेट लावलं तर गेलंच समजा.

पट्टेवाला

वायरीचं आलंच आहे, आता वासाबद्दल. हाताला ओढ कमी लागते म्हणून मोटरला दोष देऊ नका. या घडणीत धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग पिशवीत. हवा भरपूर वाहते, पण नळीच्या मशीनसारखा जोर हाताला जाणवत नाही. गालिच्यात खोल बसलेली माती सुटते ती ब्रशमुळे. ब्रश थांबला की हे मशीन वरवरचा कचरा उचलणारा पंखा उरतो.

पट्टा तुटला नाही म्हणजे चांगला आहे असं होत नाही. रबर ताणून सैल पडतं, मग मोटरचा शाफ्ट पट्ट्याच्या आतल्या आत घसरतो आणि वास येतो. नवा पट्टा जुन्याशेजारी ठेवा, जुना लांब दिसेल. नियमित वापरात सहा महिने ते वर्षभरात पट्टा बदलायचाच असतो.

पण आधी प्लग काढून रोलर बाहेर घ्या. दोन्ही टोकांच्या टोप्यांत केस आणि धागे गुंडाळलेले असणार. ते ब्लेडने कापून काढा. रोलर हाताने फिरवला की दोन-चार फेरे सहज घेतला पाहिजे. नाही घेतला तर नवा पट्टाही आठवड्यात जळेल. शाफ्टवर जुन्या रबराचा काळा चकचकीत थर असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चाकूने खरवडू नका, ओरखडे पट्टा खातात.

मशीन महिनोन्महिने ठेवून द्यायचं असेल तर पट्टा शाफ्टवरून उतरवून ठेवा.

कार्बनकाका

कार्बन ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे; रोलरचा ब्रश वेगळा. त्यांच्या टोकाशी बारीक निळ्या ठिणग्या असणं सामान्य आहे. नारिंगी, लांब, कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाभोवती) कडं करणाऱ्या दिसल्या तर ताबडतोब बंद करा. आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, गुंडाळी गेलेली असू शकते.

कार्बन झिजून ६ मिमी लांबीच्या आसपास आला की जोडीच बदला. जुनेच परत बसवणार असाल तर कोणता कुठल्या बाजूला, कोणत्या तोंडाने होता याची खूण करा. कम्युटेटर काळा पडला असेल तर ६०० नंबरचा काचकागद हलकेच फिरवा. एमरी कागद वापरू नका, त्याचे कण फटींत अडकतात. नवे कार्बन बसवल्यावर पट्टा न लावता १५-२० मिनिटं चालवा, म्हणजे त्यांना कम्युटेटरचा आकार येतो.

बेअरिंग कुठलं आहे ते पाहिल्याशिवाय तेल घालू नका. पितळी बुश आणि नमद्याची वात असेल तर एसएई २० चं, डिटर्जंट नसलेलं तेल, दोन-तीन थेंब. जास्तीचं तेल कम्युटेटरवर जाऊन कार्बनच्या भुकटीशी चिखल करतं. बंद बॉल बेअरिंग खरखरत असेल तर नवंच घाला.

पंख्याची पातीही मोजा. धूळ त्याच्यातूनच जात असल्याने एखादं नाणं किंवा पिन पातं तोडते, तोल जातो आणि थरथरीने बेअरिंग खलास होतं. पंखा काढायची वेळ आली तर जोर लावू नका, कित्येक मशीनांत त्याचे आटे उलटे असतात.

साफसूफ

पिशवी कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवली की छान निघते.

पट्टेवाला

@साफसूफ, असहमत. आत कागदी पिशवी बसत असेल आणि कापड फक्त आवरण असेल, तर चालेल. नुसत्या कापडी पिशवीत कापडच गाळणी असतं. धुतलं की ते आटतं, वीण बदलते, आणि पुढे बारीक धूळ आरपार खोलीत येते. उलटी करून मऊ ब्रशने झाडा, शिवणी दुसऱ्या मशीनने ओढून घ्या. अर्धी भरायच्या आत रिकामी करा. भरलेल्या पिशवीत हवा अडते आणि कचरा पंख्याच्या खोलीत साचतो. प्लास्टरची भुकटी, राख, फुटलेली काच, ओला कचरा याला दाखवूसुद्धा नका.

धूळधाण

वायर, पट्टा आणि रोलर झाले. मेगरवर २० मेगओहमच्या वर. वास गेला. पण आता मशीन मागे ढकलल्यासारखं येतं आणि कचरा पुढे उडतो.

पट्टेवाला

ब्रश उलटा फिरतोय. तुमच्या मशीनमध्ये शाफ्ट आणि रोलर एकमेकांशी काटकोनात असतील, तर पट्ट्याला पाव पीळ द्यावा लागतो. पीळ दुसऱ्या बाजूला पडला की दिशा उलटते. तळाशी बाण असेल, त्याप्रमाणे बसवा. जमिनीला टेकणारे केस पुढून मागे गेले पाहिजेत, मशीन किंचित पुढे ओढलं जातं.

मग प्लग काढून उलटं करा, तोंडाच्या दोन्ही कडांवर जाड कार्ड आडवं ठेवा आणि रोलर हाताने फिरवा. केस कार्डाला घासले पाहिजेत. नाही घासले तर केस झिजलेत: रोलरला वर-खाली करायच्या खाचा असतील तर एक खाच बाहेर घ्या, नाहीतर ब्रशपट्ट्या बदला. तोंडाची उंची सगळ्यात वर ठेवून सुरू करा आणि ब्रश लवेला लागल्याचा आवाज बदलेपर्यंत हळूहळू खाली आणा. त्याहून खाली नेलं तर पट्टा पुन्हा घसरेल.