देशी एअर पिस्तूल पंधरा दिवसांत दोनदा अडलं. महागडं घेतलं तर ही कटकट थांबेल का?

धायरीची आई

मुलगा नववीत आहे. दीड वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. सुरुवातीला रेंजचीच गन वापरायचा, मग गेल्या दिवाळीत चाळीस हजारांच्या आत एक सेकंडहँड देशी पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, घेऊन दिली. आठ महिने काही तक्रार नव्हती. आता पंधरा दिवसांत दोनदा तोंडघशी पाडलं.

पहिल्यांदा सरावात. तिसऱ्या सिरीजला (दहा शॉटची एक) 'फट्' ऐवजी 'फुस्स' झालं आणि पेलेट, म्हणजे छर्रा, टार्गेटच्या काळ्याच्या खाली, पांढऱ्यात. पुढचा बरा, त्यापुढचा परत खाली. दुसऱ्यांदा शालेय स्पर्धेत. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेआधीच्या गन तपासणीत, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं (न सुटता ते पेललं तरच पास), उचलायला गेले आणि खट्. तीनदा उचललं, तीनदा सुटला. सरांनी उभ्याउभ्या स्क्रू आवळून पास करून घेतलं, पण पोराचे हात तोवर गार पडले होते. स्कोअर विचारू नका.

रेंजवरचे एक पालक म्हणतात, एकदाच दोन लाख घाला आणि विसरून जा. आमच्या घरचे म्हणतात, दोन लाखांत दोन स्कूटर येतात आणि त्या निदान भाजी तरी आणतात. मला एवढंच सांगा, महाग गन अडत नाही का? की तीही अडते, फक्त ऐटीत?

कर्वेनगर ३२

इम्पोर्टेड घ्या, विषय संपला. मॉरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी, यातलं कुठलंही डोळे मिटून. आमच्या मुलीकडे सहा वर्षं आहे, एकदाही त्रास नाही. स्वस्तात घ्यायचं आणि मग रडत बसायचं, याला अर्थ नाही.

पेठेतला

पिस्तूल डोळे मिटून घेऊ नका. एक तरी उघडा ठेवा.

खडकीचा फिटर

ताई, मी नेमबाज नाही. चाळीस वर्षं लेथवर गेली, शेवटची बावीस भोसरीत. पुतण्या खेळायचा म्हणून त्याची गन उघडली, आणि तेव्हापासून रविवारी माझ्या टेबलावर कुणाची ना कुणाची गन असतेच. पैसे घेत नाही, त्यामुळे खोटं बोलायचं कारण नाही.

तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या आजारांच्या आहेत. एकाच औषधाने बऱ्या व्हायच्या नाहीत.

आधी 'फुस्स'. मला एक सांगा, हवा कुठे भरता? घरी हँडपंपाने? आणि पावसाळ्यात? सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा दाबता तेव्हा त्या हवेतलं पाणीही दाबलं जातं, आणि ते आतच थेंब होऊन बसतं. जुलै-ऑगस्टमधली आपली हवा म्हणजे ओला टॉवेलच. ते पाणी आणि पंपाच्या सीलची झीज मिळून जो चिखल होतो तो रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक शॉटला हवा मोजून देणाऱ्या भागात, आणि व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. मग रेग्युलेटर एका शॉटला पुरती हवा देतो, दुसऱ्याला अर्धी. दहा मीटरवर पेलेट खाली पडणारच. हे देशी गनला होतं आणि दोन लाखांच्या गनलाही होतं. पाण्याला किंमत वाचता येत नाही.

दुसरं, गेजकडे कुणी बघतं का? रेग्युलेटर ज्या दाबाला सेट केलाय त्याच्याखाली सिलिंडर गेला की गन बिघडलेली नसते, उपाशी असते. निम्मी 'बिघडलेली' पिस्तुलं माझ्याकडे अशीच येतात. हवा भरून परत पाठवतो, लोक मला जादूगार समजतात.

आता ट्रिगर. इथे मात्र पैसा बोलतो, ते कबूल करतो. ट्रिगर दाबल्यावर जी दोन दातं एकमेकांवरून सरकतात, त्यांची कड देशी गनमध्ये बऱ्याचदा पुरेशी कडक केलेली नसते. भिंगाखाली धरली की दिसतं. नवी असताना कड सुरीसारखी, आणि काही हजार शॉट्सनंतर तिला गोलाई आलेली, जिन्याच्या दगडी पायरीला येते तशी. तुम्ही दिवाळीत ५१० ग्रॅमला लावलेला ट्रिगर आषाढात ४८० वर येतो, कुणीही स्क्रूला हात न लावता. चांगल्या विदेशी गनचा ट्रिगर जिथे लावला तिथेच राहतो. त्या दोन लाखांपैकी निदान निम्मे मी तरी त्याचेच समजतो. उरलेले ग्रिपचे, म्हणजे मुठीचे.

नळीचे म्हणाल तर नाहीत. दोन वर्षांपूर्वी शिफ्ट सुटल्यावर शॉपमध्ये लेथपासून फाटकाच्या अलीकडेपर्यंत टेप लावून १० मीटर मोजले, मागे लाकडाची जाड फळी, आणि दोन गन आळीपाळीने व्हाईसमध्ये धरल्या. जबड्याला रबर लावून, नाहीतर मालकाने माझा जबडा धरला असता. एक देशी, एक विदेशी. पेलेट दोन प्रकारचे, एक साधा स्वस्त डबा आणि एक मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा. प्रत्येकी दहा शॉट. विदेशी गन मॅचच्या पेलेटवर एकाच भोकात, बाहेरून बाहेर ७ मिलिमीटर. देशी गन त्याच पेलेटवर ११. आणि विदेशी गन स्वस्त पेलेटवर? १६. म्हणजे चांगला पेलेट खाल्लेली स्वस्त गन, वाईट पेलेट खाल्लेल्या महाग गनच्या पुढे गेली. मला आधी वाटलं मीच कार्डं उलटसुलट केली. दुसऱ्या दिवशी परत मारले, तेच.

मग तो स्वस्त डबा शेजारच्या सराफाच्या काट्यावर नेला. पेलेटचं वजन असतं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, मॅचचे साधारण ०.५३. मॅचच्या डब्यातले वीस काढले, काटा जवळपास हललाच नाही. स्वस्त डब्यातले ०.४९ पासून ०.५६ पर्यंत, आणि तिघांचा घेर चेपलेला. सराफ म्हणाला, 'हे सोनं असतं तर तुम्हाला पोलिसात दिलं असतं.'

आता हे मिलिमीटर तुमच्या मुलाच्या कामाचे किती ते बघा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, नऊचं २७.५. पेलेट रेषेला नुसता चाटला तरी वरचा गुण मिळतो. नववीतल्या पोराचे शॉट सात-आठमध्ये पसरत असतील तर ते चार मिलिमीटर त्याच्या गुणांत शोधूनही सापडायचे नाहीत. कार्डावर जे सापडतं ते ट्रिगरला दिलेला झटका.

आणि कर्वेनगर, तुमची सहा वर्षांत अडली नाही, चांगली गोष्ट आहे. पण माझ्या टेबलावर एक विदेशी गन सात आठवडे पडून होती. एक सील गेलं होतं, नखाएवढं. मापाचं भारतात मिळेना, बाहेरून मागवलं ते कस्टममध्ये अडकलं. मुलीची राज्य स्पर्धा त्यात गेली. देशी गनचा पार्ट कारखान्यातून चौथ्या दिवशी कुरियरने येतो, नाही आला तर मी टर्न करून देतो. अडली की अडली, त्याचा हिशोब मी ठेवत नाही. अडल्यावर शनिवारपर्यंत उभी राहते का, हे बघतो.

ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बोहरी आळीत पाकिटाने मिळतात, पण दुकानदार देईल त्या घेऊ नका. साध्या ७० शोअरच्या (रबराच्या कडकपणाचं माप) असतात, २०० बारला फटीत घुसून कुरतडल्या जातात. ९० च्या मागा. आणि घरात कुणी शिलाई मशीनचं तेल घेऊन पुढे आला तर त्याचा हात धरा. दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. सिलिंडर रिकामा केल्याशिवाय काहीही उघडायचं नाही.

लेन ७

काकांशी ९० टक्के सहमत. मी बालेवाडीला सराव करते, माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची विदेशी गन आहे. ट्रिगर स्वर्ग आहे, मान्य. पण त्याला सेल लागतो. निवड चाचणीत ३८ व्या शॉटला दाबला तर काहीच नाही. परत दाबला, काहीच नाही. माझी अवस्था जिन्यात एक पायरी आहे समजून पाय टाकल्यासारखी. सेल बदलून परत उभी राहिले तोवर पल्स कुठल्या कुठे. दोष गनचा नाही, माझा. बदलायची तारीख डोक्यात होती, डायरीत नव्हती.

आणि महाग गन अडत नाही म्हणणाऱ्यांना टोकियो ऑलिंपिक आठवत नाही का? २०२१ च्या जुलैमध्ये पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला. ती ५७५ करून बारावी आली, फायनल हुकली. त्या पातळीवर कुणी स्वस्त गन घेऊन उभं राहत नाही. आणि पॅरिसला २०२४ मध्ये तिनेच दोन ब्राँझ आणली.

फक्त काका, ग्रिपचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. मला वाटतं खरा फरक तिथे आहे. स्वस्त गनची ग्रिप एकाच मापाची येते. मुलाचा हात लहान असेल तर तो ट्रिगरपर्यंत पोचायला मनगट वळवतो आणि सगळे शॉट एका बाजूला जातात. ताई, मुलाला गन रिकामी करून, सेफ्टी फ्लॅग (गन रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत घालायची रंगीत दोरी) घालून धरायला सांगा. डोळे मिटू दे, मग उघडू दे. साईट सरळ दिसली नाही तर ग्रिपला वुड पुट्टी आणि कानस लागेल, दोन लाख नाही.

कर्वेनगर ३२

आमच्याकडे अडली नाही एवढंच म्हणालो होतो. सेल आम्ही दर सहा महिन्यांनी बदलतो.

खडकीचा फिटर

मग तुमची गन नाही, तुम्ही भरवशाचे आहात.

लेन ७, ग्रिपचं बरोबर. मी लोखंडाचा माणूस, लाकडाकडे दुर्लक्ष होतं.

ताई, आणखी एक. पुढेमागे सेकंडहँड विदेशी घेतलीत तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं झाली की तो बाद. स्वस्त मिळाली म्हणून लोक नाचत येतात आणि सिलिंडर कधीच म्हातारा झालेला असतो. नव्याची किंमत ऐकली की नाच थांबतो. आणि बिल पिशवीतच ठेवा. ४.५ मिलिमीटर आणि २० जूलच्या आत म्हणून परवाना लागत नाही, मॅचची एअर पिस्तुलं तर सहाएक जूलचीच असतात, पण हे रात्री नाकाबंदीत समजावून सांगायला बिल बरं पडतं.

धायरीची आई

सगळ्यांचे आभार. काका, तुम्हाला कसं कळलं? हँडपंपच, आणि तोही गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली. काल पंपाची खालची नळी टिश्यूवर धरून एक दट्ट्या मारला. चहाच्या रंगाचा ओला डाग. आता मुलगा रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरमधून भरून आणतो. चार दिवस झाले, फुस्स नाही. पेलेटचा डबाही बदलला. महाग आहे, पण स्कूटरपेक्षा स्वस्त.

लेन ७, डोळे मिटून उघडायला लावले. साईट डावीकडे. तिन्ही वेळा. सरांना दाखवलं, ते कानस घेऊन बसलेत.

ट्रिगरचं मात्र कळेना. ५०० ग्रॅमचं वजन घरी कुठून आणू?

खडकीचा फिटर

अर्धा लिटरची पाण्याची बाटली. गळ्याला तार बांधा, किचनच्या काट्यावर तारेसकट ठेवा आणि पाणी कमीजास्त करून बरोबर ५३० करा. गन रिकामी, पेलेट नाही, फक्त कॉक केलेली, नळी सरळ वर. तार ट्रिगरवर अडकवून बाटली टेबलावरून सावकाश उचला. सुटला नाही तर पास. दर रविवारी करा. काठावर ५०० ला लावून ठेवू नका, ५३० ला ठेवा, म्हणजे झीज झाली तरी स्पर्धेच्या दिवशी सरांना घाम फुटणार नाही. तरी महिन्याभरात उतरला तर गन घेऊन या, ती दातं मी बघतो. सिलिंडर रिकामा करून आणा.

धायरीची आई

उचलली. सुटला नाही! बाटली आता फ्रिजच्या वर उभी आहे. त्यावर चिरंजीवांनी चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'पिऊ नये, मोजलेलं आहे.'

पेठेतला

आमच्याकडे सगळ्याच बाटल्यांवर असतं.