बिल, पोहोच, तारीख: ग्राहक म्हणून तक्रार लढवल्याचे तुमचे अनुभव सांगा

उंबरठा (धागाकर्ती):

गेल्या आठवड्यात आईच्या खात्यात फ्रिजचे पैसे जमा झाले. किंमत २३,५०० आणि त्रासापोटी ५,०००. रक्कम मोठी नाही. पण आईने पासबुक भरून आणलं आणि ते शेजारच्या काकूंना दाखवून आली, तेव्हा वाटलं की हे सगळं लिहून ठेवावं आणि तुम्हालाही विचारावं.

फ्रिज मे २०२२ मध्ये तालुक्याच्या दुकानातून घेतला होता. चौथ्या महिन्यात गार होणं बंद झालं. मेकॅनिक तीनदा आला, तिन्ही वेळा गॅस भरून गेला. दुकानदार म्हणे कंपनीला फोन करा, कंपनी म्हणे तक्रार क्रमांक बंद झालाय, नवीन नोंदवा. डिसेंबरपर्यंत आई दूध रोज दोनदा तापवत होती.

मग मी फोन थांबवले आणि दुकान व कंपनी दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. पंधरा दिवसांत उत्तर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आई राहते त्याच जिल्ह्यात करता आली, हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मोठा फायदा. कंपनीचं ऑफिस कुठल्या शहरात आहे ते बघावं लागलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार मराठीत, मीच लिहिलेली, सोबत आईचं प्रतिज्ञापत्र. वकील नव्हता.

निर्णायक काय ठरलं? मेकॅनिकने सोडलेले तीन जॉबशीट. तिन्हींवर 'गॅस लीक' लिहिलेलं होतं. दोष वेगळा सिद्ध करायची गरजच उरली नाही. दुकानदार आलाच नाही, त्याच्याविरुद्ध प्रकरण एकतर्फी चाललं. कंपनीने लेखी जबाब नोटीस मिळून पन्नास दिवस उलटल्यावर आणला. तो घेतला गेला नाही, कारण ३० अधिक १५ अशा ४५ दिवसांपुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हे मला तारखेच्या आदल्या रात्री वाचताना कळलं.

तरी निकालाला सोळा महिने लागले. कायद्याला मात्र सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने अपेक्षित आहेत, वस्तूची तपासणी लागली तर पाच. अध्यक्ष वा सदस्याची जागा रिकामी असली की तारीख नुसती पुढे जाते. आईने दोनदा 'सोड गं आता' म्हटलं होतं.

तुमचं काय झालं ते लिहा. हरला असाल तर तेही जरूर लिहा.

काळी माती:

ताई, राम राम. आमचं बियाण्याचं प्रकरण आहे, उदगीरकडचं. खरीप २०२०, सोयाबीनच्या चार बॅगा. ओल चांगली होती, पेरणी वेळेत झाली, आठव्या दिवशी रान मोकळंच. शेजाऱ्याचं दुसरं वाण ओळीनं उगवून आलेलं आणि आमच्याकडं ओळीत कुठंतरी एखादं रोप.

वडील दुबार पेरणीच्या घाईत होते. मी म्हटलं, दोन दिवस रान मोडू नका. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिला, पोहोच घेतली. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर आली, पंचनामा झाला, उगवण फारच कमी असल्याचा अहवाल मिळाला. गावात सतरा-अठरा जणांची हीच गत झाली होती. पण बाकीच्यांनी रान मोडून टाकलं होतं, पिशव्या चुलीत गेल्या होत्या. त्यांच्या हातात काही राहिलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

आयोगात कंपनीचं म्हणणं, बियाणं प्रयोगशाळेत का तपासलं नाही? अहो, सगळं बियाणं मातीत गेलं, तपासायला आणू कुठून? २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय, की शेतकऱ्यानं नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तो निकाल आम्ही जोडला. बियाण्याची किंमत आणि नुकसानीचा काही भाग मंजूर झाला. कंपनी अपिलात गेली. त्यासाठी निम्मी रक्कम तिला भरावी लागली, पण आमच्या हातात अजून काही नाही.

शेतकरी भावांना एवढंच सांगतो, पिशवी खालच्या बाजूनं फोडा, वरची शिवण आणि टॅग तसाच राहू द्या, मूठभर बियाणं आणि पावती बाजूला ठेवा. मळणी होईपर्यंत.

पंचगंगेकाठी:

आमचं आयोगाकडे गेलंच नाही. २०२२ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण मधुमेह लपवला म्हणे. आरोग्य विम्याची पॉलिसी २०११ पासून एकही हप्ता न चुकवता चालू होती. सलग आठ वर्षं पूर्ण झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय अशा कारणाने दावा नाकारता येत नाही, हा तेव्हाचा नियम (एप्रिल २०२४ पासून तो पाच वर्षांवर आला आहे).

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, महिना वाट पाहिली, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) अर्ज केला. फी नाही, वकील नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी वीस मिनिटांची. बाबा स्वतः बोलले, सगळ्या वर्षांच्या नूतनीकरणाच्या प्रती त्यांनी ओळीने मांडल्या होत्या. ३,४०,००० रुपये मिळाले. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो.

फुलपाखरी:

माझा छोटा. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर २० ची पाण्याची बाटली २५ ला. 'थंड करायचे पाच' असं उत्तर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं आणि वैधमापन (वजनमापं बघणाऱ्या) कार्यालयालाही छापील किमतीच्या फोटोसह अर्ज दिला. तीन आठवड्यांनी गेले तर २० लाच मिळाली. उन्हाळ्यात तिथे दिवसाला किती बाटल्या जात असतील, हिशोब करा.

अर्धवट ओटा:

मी हरलो. लिहायला जड जातंय, पण ताईंनी विचारलंय म्हणून.

स्वयंपाकघराच्या फर्निचरसाठी मार्च २०२२ मध्ये १,८०,००० आगाऊ दिले. जूनमध्ये माणूस निम्मं काम टाकून गेला. मी चांगुलपणाने मेसेज करत राहिलो, तो 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये तक्रार केली. मुदत दोन वर्षांची. विलंब माफीचा अर्ज दिला, पण मेसेज चालू होते हे कारण पुरेसं मानलं गेलं नाही. ज्यात त्याने काम अपुरं असल्याचं कबूल केलं होतं, ते सगळे मेसेज माझ्याकडे होते. उपयोग शून्य. बायको अजून प्लायवूडच्या फळीवर पोळ्या लाटते.

जुना कार्यकर्ता:

अर्धवट ओटा, तुमच्यासारखे लोक आमच्याकडे दर आठवड्याला येतात. मी ग्राहक पंचायतीत, म्हणजे ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संघटनेत, बावीस वर्षं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात हे काम उभं केलं तेव्हा कायदाच नव्हता, तो १९८६ मध्ये आला. आज कायदा आहे, ऑनलाइन दाखल करायची सोय आहे, आणि माणसं तरी भिडेपोटी मुदत घालवतात. समोरचा गोड बोलत असला तरी कॅलेंडरवर दोन वर्षांची तारीख लिहून ठेवा.

दुसरं, निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. कितीतरी तक्रारदार निकालाची प्रत फाइलला लावून बसतात. आदेश पाळला नाही तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मी पाहिलंय, जामीनपात्र वॉरंट निघालं की वर्षभर न सापडलेला चेक दुसऱ्या दिवशी सापडतो.

उंबरठा:

@जुना कार्यकर्ता, आमचेही पैसे दरखास्तीनंतरच आले. निकाल जून २०२४ चा. हे वर लिहायचं राहून गेलं.

नवी पालवी:

सगळं वाचलं. आमचा मिक्सर दोन महिन्यांत जळाला. दुकानदाराने पक्कं बिल दिलंच नव्हतं, पैसे मात्र यूपीआयने दिलेत. काही होईल का?

जुना कार्यकर्ता:

होईल. यूपीआयच्या नोंदीची आणि बँक खातेउताऱ्याची प्रत काढा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असेल तर तोही फोटो. बिल मागितल्याचं पत्र आजच टाका. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते तक्रारीत वेगळा मुद्दा म्हणून घ्या. मिक्सर कोणाकडूनही उघडून घेऊ नका.