‘तारणासाठी बलिदान’ : शब्दांचा आणि ‘साठी’चा अर्थ

पृच्छा (फोंडा) : संत जोसेफ वाझ यांच्यावरील एका मराठी लेखाचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले असून त्यातील पुढील वाक्यापाशी मी अडलो आहे : ‘तारणासाठी जोसेफ वाझ यांनी सर्वस्वाचे बलिदान केले आणि मोक्ष मिळवला.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करता ‘बलिदान’, ‘तारण’ (म्हणजे पापापासून सुटका) आणि ‘मोक्ष’ हे तिन्ही शब्द येथे शोभतात का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे ही विनंती.

मडगाव : प्रथम ‘बलिदान’ काढावे. बळी हा वेदीवर वाहिला जातो, आणि ख्रिस्ती श्रद्धेनुसार पापांसाठी अर्पिलेला बळी एकच, तो म्हणजे क्रुसावरील ख्रिस्त. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, त्याच अर्पणाचे सान्निध्य मानले जाते. श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या व्यक्तीसाठी मराठी ख्रिस्ती लेखनात ‘रक्तसाक्षी’ असा नेमका शब्द आहे, आणि ‘मार्तिर’ या पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘साक्षीदार’ असाच होतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिने श्रद्धा सोडण्यास नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला, आणि तिच्या अवशेषांचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणला. तिला रक्तसाक्षी म्हणणे सर्वथा योग्य आहे. जोसेफ वाझ यांना मात्र कोणी मारले नाही. सिलोनमध्ये अनेक वर्षे सेवा केल्यानंतर १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे आजारपणात त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘त्याग’ म्हणावे.

डिचोली : ‘त्याग’ चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे, कारण आपण हा शब्द बहुधा वस्तूंना जोडतो : घरदाराचा त्याग, अन्नाचा त्याग, पदाचा त्याग. वाझ यांनी असे पुष्कळ सोडले हे खरेच. सांकवाळच्या प्रतिष्ठित ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबातील हा धर्मगुरू, डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेल्या बेटावर १६८७ मध्ये मजुराच्या वेषात उतरला. परंतु त्यापूर्वी, १६७७ मध्ये, त्यांनी स्वतःला येशूची माता मारिया हिचा दास म्हणून लिहून दिले होते, आणि त्या दास्यपत्रात सोडण्यापेक्षा स्वतःला देऊन टाकण्याचा भाग अधिक आहे. प्रचलित मराठी बायबलमध्ये क्रूस उचलण्याच्या आज्ञेच्या आधी ‘आत्मत्याग करावा’ असे शब्द येतात. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘नाकारणे’ असून पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ असे म्हणून ख्रिस्ताला नाकारले, त्या प्रसंगीही तेच क्रियापद वापरलेले आहे. म्हणजे पेत्राने जसे ख्रिस्ताशी आपले नाते नाकारले, तसे शिष्याने स्वतःवरील आपला हक्क नाकारावा, असा अर्थ निघतो. माझ्या मते ‘आत्मत्याग’ घ्यावा. नवविधा भक्तीतील ‘आत्मनिवेदन’ही जवळचे वाटते.

मडगाव : ‘आत्मत्याग’ मान्य, ‘आत्मनिवेदन’ मात्र नको. रामदासांच्या विवेचनात त्या नवव्या भक्तीचा शेवट देव आणि भक्त यांच्या ऐक्यात होतो, तर दास्यपत्र लिहिणारा वाझ अखेरपर्यंत दासच राहतो.

पणजी : ‘तारण’ या शब्दाविषयी एक उपकथा सांगतो. प्रत्येक पतसंस्थेच्या फलकावर ‘सोनेतारण कर्ज’ वाचणाऱ्या आजच्या वाचकाला ‘तारणासाठी सर्वस्व दिले’ या वाक्यात गहाणखताचा वास येणे स्वाभाविक आहे, आणि गंमत अशी की तो वास अगदीच अस्थानी नाही. कोकणी प्रार्थनांमध्ये ख्रिस्ताला ‘सोडवणदार’ म्हणतात. गहाण पडलेली वस्तू दाम मोजून सोडवून आणावी, तशी ही सोडवणूक आहे. ‘मोक्ष’ या शब्दात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची कल्पना इतकी भिनलेली आहे की तो येथे टाळलेला बरा. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात ‘वैकुंठ’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द नि:संकोच योजले हे खरे. परंतु हजारो ओव्यांमधून त्या शब्दांना नवा अर्थ देण्यास त्यांना अवकाश होता, तसा एका वाक्याला नसतो.

माझा खरा आक्षेप मात्र ‘साठी’ आणि ‘मिळवला’ या दोन शब्दांना आहे, कारण त्यांच्या जोडीमुळे त्याग ही किंमत आणि तारण हा माल असा व्यवहार उभा राहतो. तुमचे तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते कर्मांनी झालेले नाही, असे पौल इफिसकरांस लिहितो. दुसरीकडे, कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे असे याकोब बजावतो. या दोन विधानांच्या मेळावरून प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात मोठा वाद झाला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये असे ठरवले की माणूस प्रथम नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कोणत्याही कमाईने नव्हे, परंतु कृपा लाभल्यानंतर त्या कृपेच्या बळावर केलेली सत्कृत्ये पुण्यप्रद असतात. त्यामुळे कॅथलिक लेखकाने ‘साठी’ लिहिले तर ते सर्वस्वी अशुद्ध म्हणता येणार नाही. ‘मिळवला’ मात्र दोन्ही पंथांच्या दृष्टीने चूकच आहे. शिवाय हे तारण कोणाचे? वाक्य वाचून ते वाझ यांचे स्वतःचे वाटते, परंतु कँडीमध्ये १६९७ साली देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी सोडून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करणारा हा माणूस स्वतःच्या तारणाचा हिशेब मांडत होता, असे म्हणवत नाही.

डिचोली : मग ‘साठी’ऐवजी ‘मुळे’ घालावे का? ‘तारणामुळे त्याग’ असे म्हटले की क्रम उलटतो. आधी कृपा, नंतर तिला दिलेला प्रतिसाद.

पणजी : अर्थ बरोबर आहे, परंतु मराठी कानाला ‘पावसामुळे सामना रद्द’ या थाटाचे वाटते. एका शब्दयोगी अव्ययावर एवढा भार टाकण्यापेक्षा वाक्यच मोडून नव्याने लिहावे.

फोंडा : सर्वांचा आभारी आहे. लेखकांची अनुमती घेऊन पुढील वाक्य सुचवीत आहे : ‘ख्रिस्ताने केलेल्या सोडवणुकीवर श्रद्धा ठेवून जोसेफ वाझ यांनी आत्मत्याग केला आणि सिलोनमधील निराधार कॅथलिकांच्या सेवेत कँडी येथे देह ठेवला.’

मडगाव : उत्तम. ‘निराधार’च्या जागी ‘धर्मगुरूंना मुकलेल्या’ असे करावे. त्या कॅथलिकांना घरदार होते, नव्हते ते धर्मगुरू.