ठाणे : एकट्या आजींसाठी तळमजल्यावरची खोली हवी आहे

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लोकमान्य नगरमध्ये आमच्या शेजारच्या आजींची चाळ पुनर्विकासात जातेय. त्या भाडेकरू, करार अकरा महिन्यांचा. बिल्डर पर्यायी घरासाठी देतो ते भाडं मालकाला, यांच्या हाती काही नाही. वय 74, गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याने दिसत नाही. "एकटी बाई, उद्या काही झालं तर?" म्हणत एजंट दारातूनच परत पाठवतात.

श्रावणबाळ या सरकारी पेन्शनचे महिना 1500 रुपये आणि भाजी निवडून देण्याचे थोडे पैसे, एवढ्यावर चालतं. वृद्धाश्रम नका सुचवू प्लीज. त्या अजून स्वतः रांधतात, डबे चाचपून मीठ-साखर बरोबर ओळखतात. छप्पर हवंय आणि अधूनमधून डोकावणारं माणूस.

ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर, एल्डरलाइनच्या 14567 वर बोलणार आहेच. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली मुलाकडून निर्वाह मागता येतो, पण त्यांना मुलाविरुद्ध सही करायची नाही. त्यावर मी जबरदस्ती करणार नाही.

वर्तकनगर, सावरकरनगर, कळवा भागात डिपॉझिट हप्त्याने घेणारा मालक, किंवा खोली मिळाल्यावर करार, पोलीस पडताळणी, रेशनकार्डाचा पत्ता यात सोबत करणारी संस्था माहीत आहे का कुणाला? स्वतःचा अनुभव असेल तर जरूर सांगा. महिनाअखेर खोली सोडायची आहे.