इंजिन बदलू की गाडीच देऊन टाकू?

जळगावकर: भो, 2012 ची डिझेल गाडी आहे, कन्नड घाट चढताना निळा धूर सोडते अन् ऑइल पिते. मेकॅनिक म्हणतो सेकंडहँड इंजिन बसवू, घरचे म्हणतात एक्स्चेंजमध्ये देऊन टाक. काय करू?

धुळेवाला: आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करून घे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) सीलमधूनही येऊ शकतं ना, तेवढ्यासाठी पूर्ण इंजिन कशाला काढायचं.

भुसावळी: अन् दुसरं इंजिन टाकलंच तर आरटीओत आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, भंगारातल्या इंजिनाचं बिल नसलं की लफडं. त्यात 2027 ला 15 वर्षं भरतील, पासिंग परत. बॉडी सडली नसेल तर आहे त्याच इंजिनचं काम कर, नाहीतर गाडी विकून टाक.

जळगावकर: बॉडी टकाटक आहे भो. टर्बो उघडायला सांगतो.