मदत हवी आहे : चामखिळींच्या बाबतीत प्रतिपिंडांचा (अँटीबॉडींचा) अर्थ काय लावावा?

मी चोपडा तालुक्यात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या पुतणीच्या बोटांवर दीड वर्षापासून चामखिळी आहेत. (घोड्याच्या केसाने बांधा, हा घरचा सल्ला मी तूर्त टाळला आहे.) चामखिळी ज्याच्यामुळे होतात तो एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच वाढतो आणि रक्तात उतरत नाही, त्यामुळे प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून चिकटणारी रक्तातील प्रथिने) उशिरा व कमी प्रमाणात तयार होतात आणि चामखीळ जाते ती मुख्यतः टी पेशींमुळे (संसर्ग झालेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे), एवढे मला ठाऊक आहे. मग रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर ती केवळ संसर्गाची खूण मानावी की पुढील संरक्षणाचीही? शिवाय एचपीव्हीच्या ९ प्रकारांवरील लसीत हातावर चामखिळी आणणारे एचपीव्हीचे २, २७ व ५७ या क्रमांकांचे प्रकार नाहीत. तरी लसीनंतर चामखिळी गेलेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, त्या कशा समजून घ्याव्यात? त्वचारोग किंवा प्रतिकारशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सांगावे.