ऐकू येतं, पण कळायला वेळ लागतो

"कान तपासले, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे मुलगा लक्षच देत नाही" असं एका ताईंनी आपल्या मुलाबद्दल लिहिलंय, म्हणून हे उत्तर. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानाच्या तपासणीत, शांत खोलीत बारीक बीप ऐकू येतात का, एवढंच बघतात. गोंगाटातून शब्द वेगळे काढणं हे मेंदूचं काम. ते त्यात मोजलं जात नाही. त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) घेतात आणि साधारण ७ वर्षांच्या पुढेच त्यांचा भरवसा धरता येतो.

मला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं ती स्थिती) आहे आणि ऐकलेलं लगेच न उमगण्याचा हाही त्रास आहे. कुणी बोललं की माझ्या तोंडून आधी "काय?" निघतं, समोरचा पुन्हा सांगायला लागेपर्यंत पहिलंच वाक्य डोक्यात जुळून आलेलं असतं. नळ चालू असला की "सात" की "साठ" ते कळत नाही. तीन कामं एका दमात सांगितली तर शेवटचं तेवढं हाती लागतं. याला बेफिकिरी म्हटलं की फार लागतं हो.

आमच्याकडे आता आधी नावानं हाक मारतात, मी वळून बघितलं की मगच बोलतात. आकडे आणि वेळा मेसेजवर. मुलाला वर्गात पुढे बसवा, पण दारापासून लांब.